पाठटाचण कोणाचे? उद्यमशील शिक्षकांमागचा जुना वाद

शिक्षकाने पुढाकार घ्यावा, जोखीम पत्करावी आणि अडचणीतून मार्ग काढून नवे काही उभे करावे, ही अपेक्षा आता धोरणांच्या भाषेत रुळली आहे. युरोपीय संघाने २००६ मध्ये आयुष्यभर उपयोगी पडणाऱ्या आठ क्षमतांची यादी केली. पुढाकार आणि उद्यमशीलता ही त्यांतली एक होती. २०१६ मध्ये याच क्षमतेची तीन विभाग आणि पंधरा घटकांत फोड करणारा आराखडा आला. मुलांमध्ये ही वृत्ती रुजवायची तर ती शिक्षकात आधी हवी, असा या साऱ्याचा अर्थ लावला गेला आणि तो योग्यच होता. मात्र वृत्तीचे कौतुक होत असताना तिच्यामागचा अवघड प्रश्न बाजूलाच राहिला. पगारी शिक्षकाने स्वतःच्या कल्पकतेने जे घडवले, त्यावर हक्क कोणाचा? गेल्या शंभर वर्षांतला या विषयाचा खरा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

त्याआधीच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नव्हता. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये वक्तृत्व आणि युक्तिवाद शिकवणारे गुरू गावोगाव फिरून फी घेत. मध्ययुगीन बोलोन्यात विद्यार्थ्यांच्या संघटनाच अध्यापकांना नेमत आणि अध्यापक उशिरा आला तर दंडही करत. १७७६ मध्ये एका स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञाने बजावले की, पगार आपोआप मिळत राहिला की प्राध्यापक शिकवण्यात ढिले पडतात. शिक्षकाचे पोट विद्यार्थ्यांच्या फीवर चालत असेतोवर त्याची टिपणे, त्याची पद्धत आणि त्याचे नाव हे सगळे त्याचेच भांडवल होते. एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक शाळा आणि निश्चित वेतन आले. त्यातून शिक्षकाला स्थैर्य मिळाले, आणि ही फार मोठी गोष्ट होती. पण त्याच घटकेला त्याच्या कामाला मालक मिळाला.

तरी त्या शतकाच्या उंबरठ्यावर एका शाळामास्तराने केलेली खटपट विसरता येत नाही. अमेरिका नुकतीच स्वतंत्र होत होती. कनेक्टिकटच्या या तरुण शिक्षकाने मुलांना स्पेलिंग आणि वाचन शिकवण्यासाठी एक पुस्तक रचले. ते १७८३ मध्ये छापले गेले. कोणीही नक्कल छापेल या धास्तीने तो एकेका राज्याच्या विधिमंडळाकडे लेखकहक्काचा कायदा मागत फिरला. कनेक्टिकटने असा कायदा त्याच वर्षी केला आणि १७९० मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला. त्या राष्ट्रीय कायद्याखाली नोंदले गेलेले पहिले पुस्तकही स्पेलिंगचेच होते, फिलाडेल्फियातल्या एका शाळामास्तराने लिहिलेले. म्हणजे अमेरिकेतला स्वामित्वहक्क ज्यांच्या गरजेतून घडला, त्यांत शिक्षक अगदी पुढे होते. पुढे कायद्याने शिक्षकांना जी वागणूक दिली ती पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

हक्क हाती असणे आणि त्याचा लाभ मिळणे यांतही अंतर होतेच. १८३६ मध्ये ओहायोतल्या एका प्राध्यापकाने सुरू केलेली वाचनमाला कोट्यवधी प्रतींनी खपली. त्याच्या करारात मानधनाला एक हजार डॉलरची मर्यादा होती, त्यामुळे वरचा सगळा नफा प्रकाशकांकडे गेला. इंग्लंडमध्ये नोकरी गमावलेल्या एका शिक्षकाने १८४० च्या पेनी पोस्टचा, म्हणजे एका पेनीत पत्र पोचवणाऱ्या स्वस्त टपालाचा फायदा घेऊन लघुलेखन टपालाने शिकवायला सुरुवात केली. स्वतःची लिपी, स्वतःची छपाई, स्वतःचे विद्यार्थी असा त्याचा कारभार होता. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत सुरू झालेल्या बालगृहातून मॉन्टेसरी पद्धत पुढे आली, तेव्हा तिच्या साधनांवर पेटंट घेतली गेली. नावावर मात्र मक्तेदारी टिकली नाही. एका पद्धतीचे ते सर्वसाधारण नाव झाले आहे, असा निर्णय अमेरिकेत १९६७ मध्ये झाला, आणि म्हणून आज कोणीही ते नाव पाटीवर लावू शकतो.

आता मुख्य वादाकडे. १९०९ च्या अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याने नोकरीचा भाग म्हणून झालेल्या लेखनाचा कर्ता नोकराला नव्हे, तर मालकाला मानले. वर्तमानपत्राच्या बातमीदाराला किंवा कारखान्यातल्या नकाशाकाराला हे लागू होणे समजण्यासारखे होते. अध्यापकाबाबत न्यायालये कचरली. १९२९ मध्ये एका लष्करी विद्यालयातल्या प्रशिक्षकाचे प्रकरण आले. नकाशे रेखाटण्यावर त्याने लिहिलेला मजकूर विद्यालयाने पुस्तिका म्हणून छापून वापरला होता. न्यायालय म्हणाले, याला शिकवण्यासाठी नेमले आहे. आपली व्याख्याने लिहून काढण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात याहून ठळक निकाल लागला. नोट्स विकणाऱ्या एका कंपनीने मानववंशशास्त्राच्या वर्गात पैसे देऊन विद्यार्थी बसवला आणि त्याने उतरवलेल्या व्याख्यानांच्या प्रती विकल्या. हक्क प्राध्यापकाचा आहे, विद्यापीठाचा नाही आणि कंपनीचा तर नाहीच, असे न्यायालयाने सांगितले. अशा निकालांतून कायद्यात कुठेही न लिहिलेला एक अपवाद तयार झाला. त्याला शिक्षकांचा अपवाद म्हणतात.

मग १९७६ चा नवा कायदा आला आणि १९७८ च्या आरंभी लागू झाला. त्यात नोकरीतल्या कामाचा नियम नव्याने मांडला गेला, पण शिक्षकांबद्दल एक अक्षरही लिहिले गेले नाही. जुना अपवाद जिवंत आहे की पुसला गेला? संसदेने अपवाद रद्द केला असे म्हणायला आधार नाही, आणि राखला असे म्हणायलाही नाही. तेव्हा एक वाक्य जरी घातले असते, तरी पुढची चाळीस-पन्नास वर्षे शिक्षकांना न्यायालयांच्या तर्कावर विसंबावे लागले नसते. माझ्या मते या विषयातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट ही शांतता आहे.

तिचा पहिला मोठा कस १९८८ मध्ये लागला. इलिनॉयमधल्या एका माध्यमिक शाळेतल्या दोन शिक्षिकांनी शाळेतील वर्ड प्रोसेसर कसे वापरावेत यावर पुस्तिका लिहिली होती. पुढे शाळेने दुसऱ्या कंपनीची यंत्रे घेतली आणि तीच पुस्तिका त्या कंपनीकडे बदल करण्यासाठी दिली. कंपनीने तिच्यावरून जवळपास तशीच पुस्तिका करून शाळेला दिली. शिक्षिका न्यायालयात गेल्या आणि हरल्या. पण निकालपत्रात न्यायाधीशांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले: जुना अपवाद मोडण्यामागे कायदेमंडळाचा हेतू दिसत नाही, आणि तो रद्द झाला असे धरले तर शिक्षणसंस्थांत गोंधळ माजेल, निर्णय करावाच लागला असता, तर तो टिकला आहे असे आपण कदाचित म्हटले असते. निरीक्षण बंधनकारक नसते. तरी पुढची कित्येक वर्षे शिक्षकांचे वकील याच ओळींचा आधार घेत राहिले.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका शिल्पकाराच्या खटल्यात सांगितले की, कोण नोकर हे ठरवताना मालक-नोकर संबंधांचे सर्वसाधारण नियम पाहावेत. त्या नियमांतून तीन कसोट्या येतात. काम नेमणुकीच्या प्रकारातले आहे का? ते मुख्यतः कामाच्या वेळेत आणि जागेत झाले का? आणि निदान काही अंशी तरी मालकाच्या उपयोगासाठी केले का? कारखान्यात या कसोट्या सरळ चालतात. शिक्षकाच्या बाबतीत त्या अडखळतात. रात्री घरी बसून, स्वतःच्या कागदावर, उद्याच्या वर्गासाठी काढलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या कसोटीवर शिक्षकाची ठरते. पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर शाळेची. शिकवण्याच्या कामाची अर्धी बाजू शाळेबाहेरच पार पडते, आणि वेळापत्रकात तिच्यासाठी पुरेसे तास सहसा धरलेले नसतात. ज्या तासांचे वेतन मिळत नाही त्यांतून जन्मलेल्या कामावर पूर्ण मालकी सांगणे मला न्याय्य वाटत नाही.

२००४ मध्ये मात्र कौल स्पष्टपणे शाळेकडे झुकला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गणित शिक्षकाला निलंबित करण्यात आले होते. त्याच्या वर्गखोलीतून उचललेल्या साहित्यात त्याने तयार केलेल्या चाचण्या, प्रश्नमंजूषा आणि गृहपाठाची उदाहरणे होती. ती आपली आहेत, असा त्याचा दावा होता. अपील न्यायालयाने ते नोकरीतले काम ठरवले. प्राध्यापकांना मिळणारी सूट त्यांच्या प्रसिद्ध लेखनासाठी आहे. जे साहित्य कधी प्रकाशनासाठी तयारच केले नव्हते त्याला ती लागू नाही, असे न्यायालय म्हणाले. या तर्कात एक विपर्यास आहे. जो शिक्षक आपले साहित्य निमूटपणे वर्गासाठीच वापरतो त्याचा हक्क जातो, आणि जो बाजाराचा विचार आधीपासून करतो त्याची बाजू निदान ऐकली तरी जाते. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका खालच्या न्यायालयाने थोडी वाट मोकळी ठेवली. शाळेत विज्ञान-संशोधन शिकवणाऱ्या शिक्षकाने लिहिलेली मार्गदर्शिका नोकरीचाच भाग होती असे सरसकट धरता येणार नाही, ते पुराव्यावरून ठरवावे लागेल, असे तिथे म्हटले गेले.

हे निकाल येत असतानाच बाजार तयार होत होता. २००६ मध्ये न्यूयॉर्क शहरात शिकवलेल्या एका शिक्षकाने एक संकेतस्थळ सुरू केले, जिथे शिक्षक आपली पाठटाचणे आणि वर्कशीट दुसऱ्या शिक्षकांना विकू शकत. वर्षभरात एका मोठ्या प्रकाशकाने ते घेतले आणि काही काळाने संस्थापकाने परत मिळवले. २०२३ मध्ये ते शिक्षण-तंत्रज्ञानातल्या एका कंपनीकडे गेले. २००९ च्या सुमारास शिक्षकांच्या या कमाईच्या बातम्या आल्या, तेव्हा काही शाळा-प्रशासनांनी वाटा मागण्याची भाषा केली. २०१३ मध्ये मेरीलँडमधल्या एका काउंटीच्या शिक्षण मंडळापुढे एक मसुदा आला. शाळेसाठी कर्मचाऱ्याने किंवा विद्यार्थ्याने केलेली कोणतीही निर्मिती मंडळाच्या मालकीची, मग ती स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या सामानातून केलेली का असेना, असे त्यात लिहिले होते. शाळकरी मुलांची चित्रेही त्यात आली असती. ओरड झाली आणि मंडळाला मागे यावे लागले.

मंडळांच्या बाजूने एक मुद्दा आहे: वेतन जनतेच्या पैशातून जाते, मग त्यातून झालेले साहित्य जनतेला पुन्हा विकत का घ्यावे लागावे? मुद्दा वजनदार आहे. पण त्यावरचा उपाय मालकी मंडळाकडे देणे हा नाही, कारण मंडळाच्या कपाटात गेलेले साहित्य जनतेपर्यंत पोचतेच असे नाही. खुला परवाना, म्हणजे निर्मात्याने आपले साहित्य इतरांना मोफत वापरायला आधीच दिलेली परवानगी, हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका तंत्रविद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य मोफत देण्याची घोषणा २००१ मध्ये केली, २००२ मध्ये अशा परवानगीचे तयार नमुने असलेले क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने आले आणि खुल्या शैक्षणिक साहित्याची कल्पना आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडली गेली. कोलोराडोतल्या दोन रसायनशास्त्र शिक्षकांनी २००७ मध्ये गैरहजर मुलांसाठी तास चित्रित करून आंतरजालावर ठेवायला सुरुवात केली, आणि त्यातून उलट्या वर्गाची, म्हणजे तास घरी पाहायचा आणि सराव वर्गात करायचा अशी पद्धत जगभर पसरली. परवानगीच्या कागदांत ते अडकले असते तर हे घडले असते का, याची मला शंका आहे.

शिक्षकांच्या पुढाकाराची दुसरी वाट शाळाच चालवण्याची होती. तीही १९८८ मध्येच, एका मोठ्या शिक्षक-संघटनेच्या अध्यक्षाने सुचवली: सार्वजनिक शाळेच्या आत शिक्षकांच्या छोट्या गटाने वेगळी शाळा चालवावी आणि तिची फलनिष्पत्ती ठरावीक मुदतीनंतर तपासावी. मिनेसोटाने १९९१ मध्ये अशा शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण करारानुसार स्वायत्तपणे चालणाऱ्या चार्टर शाळांचा कायदा केला आणि पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉलमध्ये उघडली. पुढे या शाळांत खासगी व्यवस्थापन कंपन्या शिरल्या, तेव्हा त्याच अध्यक्षाने कल्पनेचा मूळ हेतू हरवला म्हणून विरोध केला. २०११ च्या आसपास अर्धा वेळ वर्ग आणि अर्धा वेळ नवे उपक्रम अशा दुहेरी भूमिकेची मागणी अमेरिकेत झाली. तिच्यामागे हाच अनुभव होता: नवे करण्यासाठी वर्ग सोडावा लागू नये.

२०२० मध्ये महासाथीने शाळा बंद केल्या आणि मालकीचा प्रश्न रातोरात घरोघरी पोचला. एरवी फळ्यावर पुसले जाणारे तास आता चित्रफितींत साठू लागले. शिक्षक नोकरी सोडून गेला तरी त्याचा आवाज आणि चेहरा घेऊन तो तास पुढच्या वर्षी चालू शकतो, ही शक्यता प्रत्यक्षात उतरली.

आज १९७६ च्या अमेरिकन कायद्यात शिक्षकांचा अपवाद लिहिलेला नाही. ब्रिटनचा १९८८ चा आणि भारताचा १९५७ चा कायदाही नोकरीच्या ओघात झालेल्या निर्मितीवर पहिला हक्क मालकाला देतो. मात्र तिन्ही कायद्यांत एक दार सारखेच आहे: उलट करार झाला असेल तर तो करार चालतो. अमेरिकेत तो लेखी आणि दोन्ही पक्षांच्या सहीचा असावा लागतो. अनेक विद्यापीठांनी आपल्या धोरणांतून अध्यापकांना व्याख्याने आणि पुस्तकांवर हक्क दिले आहेत, कारण तिथे अध्यापकांची बाजू वाटाघाटीत मजबूत असते. शाळाशिक्षकाच्या नेमणूकपत्रात असे कलम क्वचितच दिसते. ते कलम रुजू होतानाच मागावे लागते, कारण साहित्य तयार झाल्यावर आणि त्याला किंमत आल्यावर ते द्यायला कोणी सहसा तयार होत नाही.