‘निव्वळ शून्य’मधला ‘निव्वळ’ आला कुठून?

मराठीत ‘निव्वळ’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. ‘निव्वळ नफा’ म्हणजे जमेतून खर्च वजा करून हातात उरलेला, आणि ‘निव्वळ थापा’ म्हणजे थापांखेरीज दुसरं काहीच नाही. एखाद्या देशाने ‘२०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन’ जाहीर केल्याची बातमी वाचली की वाचकाच्या मनात सहसा दुसरा अर्थ येतो: तोवर धूर पूर्ण बंद. करारात आणि संशोधनात मात्र पहिला अर्थ धरलेला असतो. जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, तेवढाच हवेतून काढून घेतला, की वजाबाकी शून्य. स्वच्छ ऊर्जेकडे किती वेगाने जायचं, कोळसा आणि तेल कधी सोडायचं, हे सगळे वाद फिरून फिरून या वजाबाकीपाशी येतात. म्हणून या टिपणात बाकीचा इतिहास थोडक्यात सांगून तिच्याकडेच जास्त बघतो.

ऊर्जेचे भविष्यकाळाचे हिशेब मुळात हवामानासाठी सुरू झाले नव्हते. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेल आयात करणाऱ्या श्रीमंत देशांनी १९७४ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था (आयईए) उभी केली. सदस्य देशांनी ९० दिवसांच्या आयातीइतका तेलसाठा बाळगावा, ही तिची मूळ चिंता. त्याच दशकात संगणकावर चालणारी ऊर्जेची मॉडेल्स तयार झाली. त्यांना विचारलेला प्रश्न साधा होता: मागणी भागवायची तर कोणतं इंधन, कोणत्या वर्षी, किती वापरलं म्हणजे एकूण खर्च सर्वांत कमी येईल? पुढे हवामानाचा प्रश्न आला तेव्हा याच घडणीच्या मॉडेल्सना कार्बनची मर्यादा जोडली गेली. प्रश्न बदलला, पण सगळ्यात स्वस्त वाट शोधायची सवय तशीच राहिली. हे पुढे महागात पडलं, असं माझं मत आहे.

१९९२ च्या जागतिक हवामान करारात तापमानाचा आकडा नव्हता, हरितगृह वायूंचं प्रमाण धोक्याच्या खाली ‘स्थिर’ करण्याची भाषा होती. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवायची ही मर्यादा एका अर्थतज्ज्ञाच्या १९७० च्या दशकातल्या अंदाजात डोकावली, १९९६ मध्ये युरोपीय देशांच्या मंत्र्यांनी उचलली आणि २०१० मध्ये कानकुनला जागतिक ठरावात आली. वजाबाकी मात्र त्याआधीच शिरली होती. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांनी उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी ५ टक्क्यांनी उतरवायचं ठरलं आणि नव्या लावलेल्या जंगलांनी शोषलेला कार्बन हिशेबात धरायला मुभा मिळाली. किती धरायचा यावरून नोव्हेंबर २००० मध्ये हेगची परिषद मोडली. चिमणीतून निघालेला टन आणि झाडात साठलेला टन सारखाच मानायचा का, हा वाद तेव्हाही सुटला नव्हता.

आता मुख्य निर्णयाकडे. २००१ च्या सुमारास काही संशोधकांनी एक कल्पना मांडली. झाडं किंवा पिकं वाढताना हवेतला कार्बन घेतात. ती जाळून वीज करायची आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड चिमणीतच पकडून जमिनीखाली खोल कोंडायचा. वीजही मिळते आणि हवेतला कार्बनही कमी होतो. मूळ मांडणीत हा विमा होता: हवामान अपेक्षेपेक्षा जास्त बिघडलं तर हाताशी असावा असा शेवटचा उपाय.

सप्टेंबर २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या नोर्डवाइकरहाउट गावी हवामान आणि ऊर्जेचे अभ्यासक जमले. आयपीसीसी ही संयुक्त राष्ट्रांची हवामान संस्था दर काही वर्षांनी हवामानाचं जागतिक मूल्यांकन प्रसिद्ध करते; तिच्या पुढच्या मूल्यांकनासाठी सगळ्या संशोधकांनी वापरायची चार सामाईक भविष्यचित्रं तिथे ठरवायची होती. सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित चित्राच्या जागी कोणतं घ्यायचं यावर गाडी अडली. एका चित्रात २१०० साली पृथ्वीवर दर चौरस मीटरला २.९ वॉट जादा उष्णता अडत होती, दुसऱ्यात २.६ वॉट. फरक दिसायला क्षुल्लक, पण २.६ पर्यंत उतरण्यासाठी मॉडेलला शतकाच्या उत्तरार्धात हवेतून कार्बन काढावा लागत होता आणि तो पीक जाळून, धूर कोंडून काढलेला होता. त्या वेळी जगात असा एकही मोठा प्रकल्प चालू नव्हता. हे चित्र तांत्रिकदृष्ट्या टिकतं का हे तपासायला स्वतंत्र समिती बसली, इतर गटांच्या मॉडेल्सनाही तिथवर पोचता येतं का हे बघितलं गेलं, आणि २००९ मध्ये समितीने २.६ च्या बाजूने कौल दिला.

त्या निर्णयाची बाजू खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. २.६ चं चित्र नसतं तर २ अंशांच्या आतलं जग कसं असेल, बर्फ किती वितळेल, पिकांचं काय होईल, याचा जगभर एकसारखा अभ्यास झाला नसता. अभ्यासकांनी ‘असं झालं तर’ एवढंच दाखवलं होतं, ‘असंच होईल’ असं म्हटलं नव्हतं. पण चित्र एकदा सामाईक झालं की ते मोजपट्टी बनतं. पुढच्या मूल्यांकनात २ अंशांशी सुसंगत अशा ११६ चित्रांपैकी १०१ मध्ये हवेतून कार्बन काढणं गृहीत होतं. विमा म्हणून आणलेली गोष्ट नेहमीच्या मिळकतीत मोजली जाऊ लागली.

मॉडेल्स तिकडे का झुकली, याचं एक कारण वटावात सापडतं. पुढे करायच्या खर्चाची आजची किंमत काढताना मॉडेल दरवर्षी काही टक्के वटाव कापतं. ५ टक्के हा दर नेहमीचा. या दराने ५० वर्षांनी करायचा १०० एककांचा खर्च आज फक्त ८.७ दिसतो, ८० वर्षांनी करायचा असेल तर जेमतेम २. आज कोळशाचं वीजकेंद्र वेळेआधी बंद करायचं तर खर्च पूर्ण १००. स्वस्तात स्वस्त वाट शोधायला सांगितलेलं यंत्र आजची कपात टाळून २०८० सालातल्या शोषणाकडे वळणार, यात त्याचा दोष नाही. पण २०८० सालचा माणूस ते बिल ५० वर्षांच्या वटावाने भरणार नाही, पूर्ण भरणार आहे. हा नैतिक निर्णय होता आणि तो तांत्रिक परिशिष्टातल्या एका आकड्यात बसवला गेला.

जमिनीचा प्रश्न वेगळाच. २ अंशांच्या चित्रांत असतं तेवढं शोषण या मार्गाने करायचं तर ३८ ते ७० कोटी हेक्टर जमीन लागेल, असे अंदाज पुढे आले. भारताचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ३३ कोटी हेक्टर आहे, यावरून कल्पना यावी. ही जमीन कुणाच्या शेतातून, कुणाच्या कुरणातून यायची, याची ओळ खर्चाच्या तक्त्यात नव्हती.

आणि याच काळात जे खरोखर घडत होतं ते मॉडेल्सना नीट दिसलं नाही. सौर पॅनेलचं एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की किंमत साधारण २० टक्के उतरते, हा अनेक दशकांचा अनुभव आहे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च ८५ टक्क्यांनी खाली आला. अनेक मॉडेल्समध्ये मात्र ‘याखाली किंमत जाणार नाही’ असा तळ आखलेला होता, वाढीच्या वेगावरही मर्यादा घातलेली होती. कारखान्यातून रोज बाहेर पडणाऱ्या वस्तूवर अविश्वास आणि जिचा एकही मोठा प्रकल्प चालू नव्हता अशा पद्धतीवर भरवसा, ही त्या वर्षांतल्या हिशेबाची खरी उणीव वाटते.

‘निव्वळ’ला पक्का शास्त्रीय आधार मिळाला तोही याच सुमारास, हे विसरून चालणार नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवलं की तापमान एखाद्या वर्षीच्या उत्सर्जनावर नव्हे, आजवरच्या एकूण बेरजेवर ठरतं. पुढच्या मूल्यांकनांनुसार दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ०.४५ अंश वाढ होते. म्हणजे बेरीज वाढायची थांबेपर्यंत तापमान थांबत नाही. सिमेंट, विमानं, शेती यांतून थोडं उत्सर्जन उरणारच, तेव्हा तेवढं शोषून घेणं भाग आहे. २०१५ च्या पॅरिस करारात शतकाच्या उत्तरार्धात उत्सर्जन आणि शोषण यांचा ‘समतोल’ साधायचं ठरलं ते यातूनच. किती उत्सर्जन ‘उरलेलं’ मानायचं, हे मात्र करारात लिहिलेलं नाही. त्या मोकळ्या जागेतच पुढच्या घोषणा बसल्या.

तापमानवाढ १.५ अंशांत रोखण्यावरच्या आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालाने सांगितलं की जागतिक उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी उतरायला हवं आणि २०५० च्या आसपास निव्वळ शून्यावर यायला हवं. बातम्यांत दुसरा आकडा गाजला, पहिला मागे पडला. त्याच अहवालात चार नमुना वाटा शेजारी शेजारी छापल्या होत्या. पीक जाळून धूर कोंडण्याचं काम पहिल्या वाटेत शून्य, दुसरीत १५१, तिसरीत ४१४ आणि चौथीत १,१९१ अब्ज टन, सगळं २१०० पर्यंत मिळून. चौथा आकडा म्हणजे आजच्या वेगाने सुमारे ३० वर्षांचं जागतिक उत्सर्जन. पहिली वाट शक्य होते कारण तिच्यात माणसांची सोय राखूनही ऊर्जेची मागणी २०५० पर्यंत सुमारे ४० टक्क्यांनी उतरवलेली आहे: चांगली घरं, कमी खाणारी यंत्रं, सामाईक वाहतूक. त्या पानावर मी नेहमी थांबतो. निवड किती मोठी आहे हे इतकं उघड दुसरीकडे कुठे मांडलेलं मला आढळलं नाही.

पुढचं वाचकांना आठवत असेल. २०१९ मध्ये ब्रिटनने २०५० चा कायदा केला, २०२० मध्ये चीनने २०६० आणि २०२१ मध्ये भारताने २०७० हे वर्ष जाहीर केलं. १९७४ मध्ये तेलाच्या काळजीने जन्मलेल्या पॅरिसच्या त्याच संस्थेने मे २०२१ मध्ये लिहिलं की २०५० ची वाट धरायची तर आधी मंजूर झालेल्यांपलीकडे नवी तेल-वायू क्षेत्रं लागणार नाहीत. २०२३ मध्ये दुबईत जीवाश्म इंधनांपासून ‘दूर जाण्याची’ भाषा पहिल्यांदा जागतिक ठरावात आली, आणि २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करण्याचीही.

वजाबाकीचे दोन रकाने, प्रत्यक्ष कपात आणि शोषण, वेगळे करण्याची मागणी आता जोर धरते आहे, आणि ती मला रास्त वाटते. स्वीडनने २०४५ चं निव्वळ शून्य ठरवताना १९९० च्या तुलनेत किमान ८५ टक्के प्रत्यक्ष कपात बंधनकारक धरली, उरलेलंच इतर मार्गांनी भरायची सवलत ठेवली. युरोपीय संघाच्या २०२१ च्या कायद्यात २०३० च्या उद्दिष्टात शोषणाचे २२.५ कोटी टनच धरता येतील अशी मर्यादा आहे. माणसाच्या प्रयत्नाने आज हवेतून वर्षाला सुमारे २ अब्ज टन काढले जातात, तेही जवळजवळ सगळे जंगलं लावून आणि राखून. नव्या तंत्रांचा वाटा हजारात एकाच्या आसपास आहे.

२०२४ हे सरासरी १.५ अंशांच्या पुढे गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. एका वर्षाने मर्यादा मोडली असं होत नाही, तिचा हिशेब दीर्घ सरासरीवर होतो. पण आता चर्चेत ‘मर्यादा ओलांडून परत येणं’ हा शब्दप्रयोग रुळला आहे. परत येण्याचं मापही मूल्यांकनात दिलेलं आहे: तापमान ०.१ अंशाने खाली आणायला, उत्सर्जन आणि शोषण यांची वजाबाकी शून्यावर आल्यानंतर, आणखी सुमारे २२० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेतून काढावा लागेल.