हॉगवर्ट्सचं अ‍ॅस्ट्रॉनॉमी वेगळं, डिव्हिनेशन वेगळं

हॅरी पॉटर वाचलेले बरेच जण हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतल्या अ‍ॅस्ट्रॉनॉमी (खगोलशास्त्र) आणि डिव्हिनेशन (भविष्य सांगण्याची विद्या) या दोन विषयांची सरमिसळ करतात आणि ते साहजिकच आहे, दोन्हीकडे ग्रह, दोन्हीकडे ताऱ्यांचे तक्ते, वर्गही दोन्ही टॉवरवरच. पण मला विचाराल तर हे दोन विषय एकदम विरुद्ध टोकाचे आहेत.

अ‍ॅस्ट्रॉनॉमी पहिल्या वर्षापासून कंपल्सरी. दर बुधवारी मध्यरात्री टेलिस्कोप घेऊन वर जायचं, ताऱ्यांची नावं पाठ करायची, ग्रह कसे सरकतात ते बघायचं, जादूच्या छडीचं तिथे कामच नाही. डिव्हिनेशन तिसऱ्या वर्षापासून आणि तेही ऑप्शनल, ते शिकवणाऱ्या ट्रेलॉनीबाईंच्या त्या कोंदट, सुगंधी धुराने भरलेल्या खोलीत. चहाची पानं, क्रिस्टल बॉल झाल्यावर चौथ्या वर्षी ग्रह येतात, पण ग्रह आत्ता कुठे आहे यापेक्षा तो तुझं काय वाईट करणार यावरच सगळा भर.

फरक खरा कळतो तो होमवर्कमध्ये. डिव्हिनेशनसाठी हॅरी आणि त्याचा मित्र रॉन महिनाभराची संकटं चक्क मनाने रचून लिहितात आणि बाई त्यांना टॉप मार्क देतात, वर वर्गात वाचूनही दाखवतात! ह्याच बाई हॅरीला बघून तू ऐन हिवाळ्यात जन्मलास म्हणतात आणि पोरगं जन्मलेलं असतं ३१ जुलैला. उलट अ‍ॅस्ट्रॉनॉमीत पाचव्या वर्षी गुरूच्या चंद्रांवर निबंध असतो, तेव्हा त्यातल्या युरोपा या चंद्रावर उंदीर नाही रे, बर्फ आहे (इंग्रजीत mice आणि ice), अशी हॅरीची चूक त्याची मैत्रीण हर्मायनी लगेच पकडते, कारण तिथे बरोबर आणि चूक असं काहीतरी असतं. आणि युरोपावर आपल्या जगातही बर्फाचंच कवच आहे, म्हणजे जादूगारांचं आकाश आणि आपलं आकाश एकच, ही गोष्ट मला या पुस्तकांमध्ये फार आवडते. म्हणूनच लेखिकेची चूकसुद्धा पकडता येते, जूनमधल्या प्रॅक्टिकलला हॅरी रात्री मृग नक्षत्र तक्त्यावर भरतो, पण जूनमध्ये मृग सूर्याच्या बाजूला असतो, रात्री दिसणार कसा?

आता सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा. त्यांच्यातला फिरेंझे आकाश वाचतो तेही भविष्यासाठीच, मग त्याला कुठे बसवायचं? माझ्या मते मधे. कुणाला लहानसहान काय लागेल, काय दुखेल असलं सांगणं तो सरळ उडवून लावतो, आपण जे बघतोय त्याची खात्री पटायला दहा वर्षंही लागू शकतात म्हणतो, आणि सेंटॉरही चुकू शकतात हे मान्य करतो. ट्रेलॉनीबाईंची दोन भाकितं खरी ठरली असं कुणी म्हणेलच, ठरली ना, पण दोन्ही वेळा त्या तंद्रीत बोलत होत्या, समोर ना तक्ता होता ना ग्रह, त्यामुळे त्याचं क्रेडिट ग्रहांना देऊ नका.