आयसोप्रोपिल अल्कोहोल 'उडून जातं', पण नाहीसं होत नाही

"आयसोप्रोपिल अल्कोहोल सांडलं तर घाबरू नका, लगेच उडून जातं, ज्योत लांब असली की झालं," असं सफाईसाठी वापरल्या जाणाऱ्या या ज्वालाग्राही द्रवाबद्दल कारखान्यांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

त्याची वाफ हवेच्या दुपटीहून जड असते. ती जमिनीलगत सरकते, खड्ड्यांत, गटारांत साचते आणि दूरच्या एखाद्या ठिणगीला भिडली, की आग त्याच वाटेने उलटी सांडलेल्या जागेपर्यंत येते. हवेत जेमतेम 2 टक्के वाफ असली तरी पेट घ्यायला पुरते. फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) सुमारे 12 अंश सेल्सिअस, म्हणजे खोलीच्या साध्या तापमानालाही ते पेटायला तयारच असतं.

पाणी मिसळलं की धोका टळला, हाही गैरसमज. 70 टक्क्यांचं द्रावणही पेटतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रिकाम्या पिंपाची. द्रव संपलेला असतो, वाफ नाही. अशा पिंपावर वेल्डिंग कधीही करू नका. ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून धातूची दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग द्या. वाफ बाहेर काढणारा पंखा स्फोटरोधकच, म्हणजे त्याच्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही असा, हवा. आणि आगीवर साधा फोम (आग विझवायचा फेस) मारू नका, अल्कोहोलमध्ये तो विरून जातो. अल्कोहोलरोधक फोम किंवा ड्राय पावडर हाताशी ठेवा.