सेलाडॉनचं ताट विष ओळखत नाही

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात चिनी सेलाडॉनचा, म्हणजे काचेसारख्या हिरवट झिलईच्या भांड्यांचा, मोठा साठा आहे. विषारी अन्न वाढलं की हे हिरवं ताट रंग बदलतं किंवा तडकतं, असं अजूनही सांगतात. निव्वळ भाकडकथा! हा हिरवा रंग झिलईतल्या जेमतेम १-२ टक्के लोहाचा. १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत प्राणवायू कमी पडला, की लोह निळसर-हिरवी छटा देतं; हवा जास्त शिरली तर तीच झिलई पिवळट होते. चीनमधल्या लोंगच्वानच्या सेलाडॉन ताटावरची कोरीव नक्षी जवळून पाहा: खाचेत झिलई साचते तिथे रंग गडद, उंचवट्यावर फिकट. इतक्या आचेत पक्का झालेला रंग आमटीतल्या विषानं कसा बदलेल? काही भांड्यांवर बारीक भेगांचं जाळं दिसतं खरं. पण भांडं थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून ते पडतं.