बॅटरी गेली, की नुसता बांध सरकला?

हायब्रिड गाडीच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोण उजळतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात आणि पडद्यावर 'पी०ए८०' हा कोड येतो. त्याचा छापील अर्थ 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असा आहे. नवा पॅक म्हणजे मोठा खर्च, त्यामुळे मालकाच्या पोटात गोळा येतो. पण माझ्या मते हा अर्थच घाईचा आहे. गाडीच्या कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाला, एवढंच कळलेलं असतं की पॅकमधल्या वेगवेगळ्या भागांची व्होल्टेज एकमेकांशी जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, हे त्या कोडात कुठेच नसतं.

दुसऱ्या पिढीतली टोयोटा प्रियस (२००३ ते २००९) घेऊ. तिच्या पॅकमध्ये निकेल-मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूलं एकापुढे एक जोडलेली असतात. प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. सगळी मिळून २०१.६ व्होल्ट होतात. कंट्रोलर दोन-दोन मॉड्यूलांची जोडी धरून १४ आकडे वाचतो. हे आकडे त्याच्यापर्यंत येतात बारीक तारांमधून. मॉड्यूलं जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर या तारांची टोकं नटांनी आवळलेली असतात. खरी गोम इथे आहे. मॉड्यूलांच्या टोकांपाशी अल्कलीचा अंश झिरपतो, त्यात हवेतला ओलावा मिसळतो आणि वर्षं सरतात तशा पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात. त्या गंजाच्या थरातून कंट्रोलरला जे दिसतं, ते सेलचं खरं व्होल्टेज राहत नाही. पट्ट्या आणि तारांची टोकं साफ केली किंवा बदलली, की अशा पॅकचे आकडे पुन्हा एका ओळीत येतात.

मॉड्यूल खरोखरच मरतं, तेही खूपदा. मधल्या मॉड्यूलांची उष्णता बाहेर पडायला वाव कमी, म्हणून कमजोरी बहुधा मध्यावर सुरू होते. टोकाकडच्याच एखाद्या जोडीचा आकडा अचानक बिघडला असेल, तर संशय आधी तारेवर घ्यावा.

तारेचा दोष ओळखायची एक खूण मला फार आवडते. १४ जोड्या मोजायला २८ तारा लागत नाहीत, १५ पुरतात. शेजारच्या दोन जोड्यांमध्ये तार एकच, जसा शेजारच्या दोन शेतांमध्ये बांध एकच असतो. बांध सरकला तर एकाचं रान वाढतं, दुसऱ्याचं तेवढंच घटतं, आणि दोघांची बेरीज मात्र हलत नाही. समजा, एका लिथियम पॅकमध्ये सगळे सेल ३.७० व्होल्टवर आहेत, पण सातवा ३.१० दाखवतो आणि आठवा ४.३०. बेरीज ७.४०, म्हणजे जेवढी असायला हवी तेवढीच. एका सेलनं जेवढं गमावलं, नेमकं तेवढंच शेजारच्यानं कमावलं, असं रसायनशास्त्रात सहसा घडत नाही. मधली तार तुटली किंवा सुटली असणार.

सैल सांध्याची, म्हणजे पट्टी नीट आवळलेली नसल्याची, खूण वेगळी आहे. गाडी उभी असताना सगळं सुरळीत दिसतं. चढावर एक्सिलरेटर दाबला की एकच आकडा खाली कोसळतो, ब्रेक लावून बॅटरी चार्ज व्हायला लागली की तोच आकडा इतरांच्या वर जातो. हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. सांध्यात एक मिलिओहम रोध वाढला आणि त्यातून १०० अँपिअर गेले, तर आकड्यात १०० मिलिव्होल्टचा फरक पडतो. करंट थांबला की हा फरक त्याच क्षणी नाहीसा होतो. थकलेला सेल मात्र हळूहळू ढासळतो आणि सावरायलाही वेळ घेतो. म्हणूनच पॅक बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिककडून प्रत्येक जोडीचे तीन आकडे मागून घ्यावेत. गाडी उभी असताना, जोर लावताना आणि चार्ज होताना. नुसता कोड पुरेसा नाही.

सांधाच दोषी निघाला, तर "चला, बॅटरी तरी वाचली" म्हणून सोडून देऊ नये. त्याच एक मिलिओहममध्ये १०० अँपिअरला १० वॉट उष्णता तयार होते, आणि तीही एका नटाएवढ्या जागेत. प्लास्टिक वितळायला सुरुवात इथूनच होते. आणखी एक सांगायलाच हवं. सर्व्हिस प्लग (पॅकचा गाडीशी असलेला वीजसंबंध तोडणारा प्लग) काढून दहा मिनिटं थांबलं तरी पॅकच्या आत सेलांची वीज असतेच. योग्य हातमोजे आणि प्रशिक्षण नसेल तर झाकण उघडू नये.

आता लिथियम आयर्न फॉस्फेटकडे वळू. आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत याच जातीचे सेल आहेत. चार्ज ३० टक्के असो की ८० टक्के, या सेलचं व्होल्टेज १०० मिलिव्होल्टच्या आतच बदलतं. एखाद्या पठारावरून चालताना उंची पाहून आपण कुठवर आलो ते ओळखायचं, तसलं हे काम. इथे मोजमाप १० मिलिव्होल्टनं चुकलं, तरी चार्जचा अंदाज कितीतरी टक्क्यांनी भरकटतो. त्याहून भीती वाटते ती उलट्या चुकीची. सेल भरलेला आहे, पण तारेच्या दोषामुळे कंट्रोलरला तो रिकामा दिसतो आणि चार्जिंग चालूच राहतं. खोट्या इशाऱ्यानं पैसे जातात, पण या खोट्या दिलाशानं आग लागू शकते.

म्हणून मोजणारी चिप स्वतःची तपासणी करत राहते. ती प्रत्येक तारेतून मुद्दाम अगदी थोडा करंट ओढते. तार शाबूत असेल तर आकडा जवळपास हलत नाही, तुटलेली असेल तर एकदम ढळतो. शिवाय सगळ्या सेलांची बेरीज आणि पूर्ण पॅकचं वेगळं मोजलेलं व्होल्टेज ताडून पाहिलं जातं. पण बांध सरकल्यावर बेरीज बदलत नाही, हे आपण वर पाहिलं. तो दोष या ताळ्यातून निसटतो.

२०१६ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी यावर एक सुंदर उपाय मांडला. प्रत्येक सेन्सरनं एक सेल मोजायचा नाही, तर शेजारच्या दोघांची बेरीज मोजायची. पहिला सेन्सर पहिला-दुसरा, पुढचा दुसरा-तिसरा, याप्रमाणे. त्यामुळे प्रत्येक सेलला दोन साक्षीदार मिळतात. सेल बिघडला तर दोन सेन्सरांचे आकडे एकदम हलतात, सेन्सर बिघडला तर त्याचा एकट्याचाच हलतो. जास्तीची चिप बसवावी लागत नाही, बदल फक्त जोडणीत. किंमत मोजावी लागते ती गणितात. एकेका सेलचं व्होल्टेज या बेरजांच्या वजाबाकीतून काढावं लागतं, आणि प्रत्येक वजाबाकीबरोबर मोजमापातली बारीकशी चूक पुढच्या सेलच्या आकड्यात उतरते.