घराचा नकाशा काढण्याआधी कागद जुळवा
बांधकाम परवानगीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे बहुतेक जण हॉल कुठे, किचन कुठे हे ठरवूनच येतात. आम्ही मात्र आधी सातबारा मागतो. परवानगीची फाइल नकाशापेक्षा कागदांवर जास्त अडते, आणि बरेचदा कारण एकच असतं: प्रत्येक कागदावर क्षेत्र वेगळं.

तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा. सातबारावरचा (शहर हद्दीत मिळकत पत्रिकेवरचा), भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवरचा आणि जागेवर प्रत्यक्ष भरणारा. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार तिन्हींपैकी जे सर्वांत कमी, तेच भूखंडाचं क्षेत्र धरलं जातं. सातबारावर 2 आर, म्हणजे 200 चौरस मीटर, पण जागेवर 188 भरले, तर एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, 188 वरच मिळतो. शेजाऱ्याचं कुंपण आत सरकलेलं असतं, रस्त्यात थोडी जागा गेलेली असते. खरेदीखतात ‘गुंठे’ लिहिलेलं असेल तर तेही तपासा: गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, सुमारे 101.17 चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर 100. म्हणून मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी करा. तारीख मिळायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी जागेवर स्वतः हजर राहा.

दुसरी अडचण नावांची. वडील जाऊन वर्षं झाली तरी सातबारावर त्यांचंच नाव असतं. वारस नोंद झाल्याशिवाय आम्ही फाइल दाखल करत नाही. फेरफाराला, म्हणजे सातबारावरचं नाव बदलण्याच्या नोंदीला, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते, ते दिवस धरून चला. नोंद झाली की बहिणींची नावंही लागतात आणि अर्जावर त्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र लागतं. हे बोलणं घरात आधी, सगळ्यांना एकत्र बसवून करा. पाया खणल्यावर सही मागायला गेलं की नाती दुखावतात, हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे विक्री-वापरावर सरकारी निर्बंध असलेली, असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी लागू शकते आणि त्याला महिने जाऊ शकतात. झोन दाखला (जागा विकास आराखड्यात कोणत्या वापराच्या विभागात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेचा भाग) आम्ही काढून देतो.

नकाशे आमचं काम: जागेचा 1:500, इमारतीचा 1:100. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या रेषांनी दाखवावं लागतं. म्हणून मागची जुनी न्हाणी, गोठा, पत्र्याची शेड, काहीही वगळू नका. जागा पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते दिसतंच.

150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला प्रक्रिया सोपी आहे, पण मालकीचे कागद तिथेही लागतात.

मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. दर वर्षी मुदतवाढ घेऊन जास्तीत जास्त चार वर्षं. पैशांची सोय झाल्यावरच अर्ज करा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

येताना मूळ खरेदीखत दाखवायला आणा, पण आमच्याकडे ठेवू नका. आम्ही झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच वेळी परत देतो.