गोड बंद करणं वेगळं आणि कार्ब्स कमी करणं वेगळं

आईला दोन वर्षांपूर्वी डायबिटीस निघाला, फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) 162 आणि एचबीएवनसी (शुगरची तीन महिन्यांची सरासरी) 8.4, आणि त्याच संध्याकाळी तिने साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. चहा बिनसाखरेचा, शिरा नाही, लाडू नाही, कोणी पेढे दिले तर ते शेजारच्या पोरांना. महिनाभर हे पथ्य पाळून तिने पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, काढली तर आकडा जवळपास होता तिथेच. "अगं, मी गोडाला बोटसुद्धा लावलेलं नाही," असं ती परत परत सांगत होती आणि ते शंभर टक्के खरं होतं.

आपल्याकडे या आजाराचं नावच पडलंय शुगर. त्यामुळे शुगर झाली म्हणजे साखर सोडायची, इतकं सरळ गणित प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि त्यात गोड सोडणं आणि कार्ब्स कमी करणं या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. पण गोड ही जिभेला कळणारी चव आहे. कार्ब्स म्हणजे ज्याचं पोटात गेल्यावर ग्लुकोज होतं तो सगळा माल, मग तो जिभेला गोड लागो, खारट लागो नाहीतर काहीच न लागो.

एक करून बघा. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि न गिळता एखाद दोन मिनिटं चावत राहा, हळूहळू तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तिथल्या तिथे पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे पाडायला लागतं म्हणून. पुढे आतड्यात उरलेलं काम होतं आणि भात असो, पोहे असोत, बटाटा असो, त्यातलं पिष्ट शेवटी ग्लुकोज होऊनच रक्तात उतरतं. साखरेचा मात्र साधारण अर्धाच भाग ग्लुकोज असतो, उरलेला अर्धा फ्रुक्टोज, जो आधी लिव्हरकडे जातो. म्हणून ग्लायसेमिक इंडेक्सच्या, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातलं ग्लुकोज किती चढवतो त्याच्या, तक्त्यात साध्या साखरेचा आकडा 65 च्या आसपास असतो आणि उकडलेल्या बटाट्याचा 78 च्या आसपास. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी तो तक्ता दोनदा तपासला होता.

आता आईचा तो महिना बघू. दिवसाला तीन कप चहा, कपाला दीड चमचा साखर, म्हणजे तिने रोजची साधारण 20 ग्रॅम साखर वाचवली. पण चहा नुसता कसा प्यायचा म्हणून सोबत चार मारी बिस्किटं सुरू झाली, "ती काय फार गोड नसतात" म्हणून. चार मारीत साधारण 15 ते 18 ग्रॅम कार्ब्स असतात, म्हणजे एका वेळच्या बिस्किटांतच जवळपास सगळी बचत संपली, आणि ती दिवसातून दोनदा खात होती. टोस्ट आणि खारीचं तेच, मैदाच तो. शुगर फ्री लिहिलेल्या बिस्किटांचंही तसंच. पुडा उलटा करून मागे छोट्या अक्षरात कार्बोहायड्रेट किती लिहिलंय ते वाचायचं, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्याला काही अर्थ नाही.

आणि एकादशी. त्या महिन्यात दोन आल्या, दोन्हींना साबुदाणा खिचडी. साबुदाणा म्हणजे कंदाचं जवळपास शुद्ध पिष्ट, कोरड्या 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅमच्या वर कार्ब्स, फायबर आणि प्रोटीन नावापुरतं. एका माणसाच्या भरल्या प्लेटला 60-70 ग्रॅम साबुदाणा सहज लागतो, वर बटाट्याच्या फोडी. तिने दिवसभराच्या चहातली जेवढी साखर सोडली होती त्याच्या तिप्पट कार्ब्स एका प्लेटमध्ये, तेही उपवासाच्या दिवशी पथ्य पाळल्याच्या समाधानात. दुसऱ्या एकादशीला मी ग्लुकोमीटर घेऊन बसले, खाल्ल्यावर दोन तासांनी 271. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यात साखर कुठे होती?" चिमूटभर होती खरं तर, चवीला. पण आकडा त्या चिमटीने चढवलेला नव्हता.

भाकरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. चपाती सोडून ज्वारीची भाकरी सुरू करा असं जो तो सांगतो आणि लोक करतातही, पण 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात आणि 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्ब्स जवळपास सारखेच, 65 ते 70 ग्रॅम. फरक पडतो तो आकाराने. घरच्या एका पातळ फुलक्याला 25-30 ग्रॅम पीठ लागतं आणि ताटभर भाकरीला 60 ग्रॅम तरी. म्हणजे तीन फुलक्यांच्या जागी दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर कार्ब्स कमी व्हायच्या ऐवजी वाढलेच. भाकरी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, आमच्याकडे रोज होते, पण आता आईच्या ताटात एकच असते, तळहाताएवढी, आणि तिच्याबरोबर मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी, वाटीभर घट्ट ताक. आधी भाजी-उसळ संपवायची आणि भाकरी नाहीतर भात शेवटी घ्यायचा, एवढ्या क्रमानेसुद्धा जेवणानंतरचा आकडा कमी चढतो. जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात नाहीतर सोसायटीत चालायचं, कारण चालताना पायाचे स्नायू रक्तातलं ग्लुकोज इन्सुलिनची फार वाट न बघता ओढून घेतात.

उलट्या बाजूचीही चूक होते. गोड लागतं म्हणून फळं सगळी बंद. पेरू गोडच लागतो, पण 100 ग्रॅम पेरूत कार्ब्स 15 ग्रॅमच्या आत आणि त्यातही बरंचसं फायबर, त्यामुळे एक मध्यम पेरू चार वाजता खाल्ला तर त्याच वेळच्या वाटीभर चिवड्यापेक्षा कितीतरी बरा. जांभूळ, पपईच्या दोन फोडी, संत्रं, हे चालतं. रस काढून नाही, चावून.

म्हणून साखरेला माफी आहे का, तर नाही. सरबत, कोल्ड्रिंक, उसाचा रस पिताना चावणं नाही, पोट भरणं नाही, एका ग्लासात 25-30 ग्रॅम सरळ आत आणि आकडा झटकन वर, शिवाय फ्रुक्टोजचा भार लिव्हरवर. गूळ आणि काकवीसुद्धा याच खात्यात, गुळात बहुतेक भाग साखरच असते, त्यातलं लोह वगैरे चहाच्या चमचाभरात कितीसं येणार. म्हणजे गोड कमी करायचंच आहे, पण ते केलं म्हणजे निम्मंसुद्धा झालेलं नसतं. आयसीएमआर-इंडियाब या डायबिटीसच्या देशभरातल्या पाहणीत भारतीयांच्या ताटात सरासरी 62 टक्के कॅलरीज कार्ब्समधून येतात असं दिसलं, आणि ते बहुतांशी तांदूळ, गहू यांसारखी धान्यं आणि साखर यांतून. त्याच टीमने 2022 मध्ये मांडलं की नव्याने निदान झालेल्यांनी हा वाटा 49 ते 54 टक्क्यांवर आणला आणि प्रोटीन 20 टक्क्यांच्या आसपास नेलं तर आजार मागे हटण्याची शक्यता वाढते. म्हणजे भात कायमचा सोडायचा नाहीये, वाटी लहान करून शेजारची वाटी मोठी करायची आहे.

फक्त एक. तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी नाहीतर इन्सुलिन घेत असाल तर डॉक्टरांना न सांगता कार्ब्स एकदम निम्मे करू नका, औषध आधीच्या जेवणाच्या हिशोबाने दिलेलं असतं आणि शुगर 70 च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, असं झालं की मात्र गोड आणि कार्ब्स हे दोन शब्द परत उलटे होतात. तेव्हा भाकरी, बिस्किट, केळं शोधत बसायचं नाही, त्याचं ग्लुकोज व्हायला वेळ लागतो, तेव्हा साखरच हवी, तीन चमचे पाण्यात ढवळून, आणि पंधरा मिनिटांनी परत चेक. चक्कर येऊन गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आईच्या पर्समध्ये आता रुमालाखाली ग्लुकोज पावडरची एक पुडी कायम असते, आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा तिने स्वतःच खाली आणून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलाय, पटकन हाताशी यावा म्हणून.